जुना ग्रहण-नकाशा आजच्या गणिताशी कसा ताडून पाहावा

दोन-तीनशे वर्षांपूर्वी छापलेला सूर्यग्रहणाचा नकाशा घ्या, त्याच ग्रहणाचा आज संगणकाने काढलेला पट्टा त्यावर ठेवा. दोन्ही बहुधा जुळणार नाहीत. इथे घाई केली की "त्या काळी गणित कच्चं होतं" असं म्हणून माणूस मोकळा होतो. पण दिसणाऱ्या फरकात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पंचांग वेगळं, घड्याळ वेगळं, शून्य रेखांश वेगळा, मैल वेगळा, आणि वर कागदही आकसलेला. हे सगळं एकेक करून वजा केल्यावर उरते ती ग्रहगणिताची खरी चूक, आणि ती अनेकदा अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघते.

मुख्य उदाहरण म्हणून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांचा १७१५ चा इंग्लंडचा नकाशा घेतला आहे. तो लंडनच्या जॉन सेनेक्स यांनी ग्रहणाच्या आधी छापून विकला. त्याची स्कॅन केलेली प्रत सहज मिळते. मायकेल झायलर यांच्या एक्लिप्स-मॅप्स या संकेतस्थळावर असे जुने नकाशे एकत्र पाहता येतात. शेवटी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा आहे, कारण तो विजयदुर्गापासून पुलगावपर्यंत महाराष्ट्रातून गेला होता.

रेषेआधी मजकूर

नकाशा उघडल्यावर डोळे थेट काळ्या पट्ट्याकडे जातात. त्यांना आवरा आणि खालचा बारीक मजकूर आधी वाचा, कारण जे रेषेला सांगता येत नाही ते तिथे असतं. हॅलींच्या नकाशाखाली जे लिहिलंय त्यातलं कामाचं असं: छायेचा मध्य लंडनच्या घड्याळात नऊ वाजून सुमारे पाच मिनिटांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या लिझर्ड टोकाजवळ असेल, तिथून प्लिमथ, ब्रिस्टल, ग्लॉस्टर, डॅव्हेंट्री, पीटरबरो करत (इंग्लंडच्याच पूर्वेकडच्या) बॉस्टनजवळ तो बेट सोडेल, या वाटेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७५ मैल खग्रास दिसेल, उत्तरेची हद्द चेस्टर, लीड्स आणि यॉर्कजवळून तर दक्षिणेची चिचेस्टर, ग्रेव्हजेंड आणि हॅरिचजवळून जाईल. लंडनमध्ये ग्रहणाचा मध्य नऊ वाजून तेरा मिनिटांनी येईल, पण शहर दक्षिण हद्दीच्या इतकं जवळ आहे की तिथे खग्रास होईल की नाही हे संशयास्पद आहे.

शेवटचं वाक्य अधोरेखित करा. रेषा काढताना ती कुठेतरी एकाच जागी काढावी लागते, म्हणून ती ठाम दिसते. काढणाऱ्याला ती किती ठाम वाटत होती हे मजकुरातच कळतं. हॅलींच्या रेषेनुसार लंडन पट्ट्याच्या आत आहे, तरी ते "संशय आहे" म्हणतात. म्हणजे आपल्या गणितात काही मैलांची चूक असू शकते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्याच मजकुरात त्यांनी लोकांना खग्रास किती वेळ टिकतं ते काळजीपूर्वक मोजायची विनंतीही केली. ती का केली ते पुढे येईल, कारण पडताळणीचं सगळ्यात धारदार हत्यार तेच आहे.

एका कोऱ्या कागदावर पाच गोष्टी टिपून ठेवा: छापलेली तारीख, वेळ कुठल्या गावची, अंतराचं एकक, हद्दीजवळच्या गावांची नावं, आणि नकाशा ग्रहणाआधीचा की नंतरचा. शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळजण फसतात. हॅलींनी ग्रहणानंतर लोकांच्या नोंदी गोळा करून सुधारलेला नकाशा काढला आणि त्यावर १७२४ च्या ग्रहणाचा पट्टाही दाखवला. दोन पट्टे एकमेकांना छेदताना दिसले तर ती सुधारित आवृत्ती समजा. तिच्यावर १७१५ चं भाकीत तपासणं म्हणजे उत्तरपत्रिका पाहून परीक्षा घेणं.

कुठली रेषा कसली

हॅलींच्या नकाशात छाया एकाच देशावर असल्यामुळे काम सोपं आहे: मध्यरेषा, दोन हद्दी आणि एक लंबगोल. हा लंबगोल लंडनमधल्या मध्यवेळी छाया जमिनीवर किती जागा व्यापेल ते दाखवतो. सूर्य डोक्यावर नसल्यामुळे छाया तिरकी पडते, म्हणून ती गोल न राहता लांबट होते. तो चित्रकाराचा हातचलाखपणा नव्हे.

एकोणिसाव्या शतकातल्या नॉटिकल अल्मनॅकसारख्या पंचांगांतले जगाचे नकाशे जास्त गोंधळात टाकतात. त्यांत पश्चिमेला आणि पूर्वेला थेंबाच्या आकाराचे दोन वेढे असतात. पश्चिमेकडच्या वेढ्यात सूर्य ग्रहण लागलेलाच उगवतो, पूर्वेकडच्या वेढ्यात तो ग्रहण सुटण्याआधीच मावळतो. उपछायेची एक बाजू पृथ्वीबाहेर गेली असेल तर हे दोन वेढे जोडले जाऊन इंग्रजी आठसारखी आकृती होते. या वेढ्यांच्या मधून जाणारी जाड किंवा दुहेरी रेषा हा खग्रासाचा पट्टा. सर्वांत बाहेरची रेषा खंडग्रासाची हद्द असते. तिला खग्रासाची हद्द समजून "जुना नकाशा हजार किलोमीटर चुकला" असं लिहिलेलंही वाचायला मिळतं.

काही नकाशांवर पट्ट्याला समांतर रेषा असून त्यांवर ११, १०, ९ असे आकडे असतात. हे डिजिट. एक डिजिट म्हणजे सूर्याच्या व्यासाचा बारावा भाग. सहा डिजिट म्हणजे अर्धा व्यास झाकला, अर्धं बिंब नव्हे; अर्धा व्यास झाकला जातो तेव्हा बिंबाचं क्षेत्रफळ फक्त ३९ टक्क्यांच्या आसपास झाकलेलं असतं. आजच्या संकेतस्थळांवर दोन्ही आकडे शेजारी देतात. तुलना करताना व्यासाचाच घ्या.

तारीख

हॅलींच्या नकाशावर २२ एप्रिल १७१५ आहे. आजच्या यादीत शोधाल तर त्या दिवशी ग्रहणच नाही. इंग्लंड तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगावर होता आणि अठराव्या शतकात तो फरक ११ दिवसांचा होता. ११ मिळवा, म्हणजे ३ मे १७१५. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदललं. फ्रान्स आणि पोर्तुगाल १५८२ पासूनच नव्या पंचांगावर होते. म्हणून १७५२ च्या आधीच्या मुंबईतल्या इंग्रजी कागदांतली तारीख आणि गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांतली तारीख एकाच ग्रहणासाठी वेगळी निघते. सतराव्या शतकातला कागद असेल तर फरक १० दिवसांचा धरा. शिवाय इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या ग्रहणांना कधी मागच्या वर्षाचा आकडा लागलेला असतो.

दुसरा सापळा याहून छुपा आहे. १९२५ च्या आधी खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नव्हे, तर दुपारी बारा वाजता सुरू होत असे. भारतातून दिसलेलं १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण त्या काळच्या खगोलीय तक्त्यांत १७ ऑगस्टला असतं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेच्या कावसजी नेगमवाला यांच्या अहवालाच्या शीर्षकात "२१-२२ जानेवारी १८९८" आहे, तेही यामुळेच. ग्रहण २२ तारखेला भरदुपारी झालं. पण तेव्हा ग्रिनिचला सकाळचे सात वाजून गेले होते, आणि खगोलीय दिवस बदलायला अजून काही तास होते. तास १२ पेक्षा जास्त लिहिलेला दिसला, उदाहरणार्थ १९ तास, तर हा हिशोब लावा: १२ वजा करा आणि तारीख एकाने पुढे न्या.

प्राचीन ग्रहणांत वर्षांचाही घोळ असतो. खगोलीय मोजणीत शून्य वर्ष असतं, इतिहासाच्या मोजणीत नसतं. उणे १२०७ म्हणजे इ. स. पूर्व १२०८.

वेळ

अठराव्या शतकात नकाशावरची वेळ म्हणजे त्या शहराची सूर्यघडीची वेळ. ती आजच्या वेळेत आणायला दोन पायऱ्या लागतात.

पहिली, वेळेचं समीकरण. सूर्यघडी वर्षभर यांत्रिक घड्याळाच्या मागे-पुढे होते. मेच्या सुरुवातीला ती सुमारे तीन मिनिटं पुढे असते, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अकरा-बारा मिनिटं मागे. हॅलींचे ९:१३ म्हणजे मध्यम वेळेत (यांत्रिक घड्याळाच्या समान चालीच्या वेळेत) साधारण ९:१०. ही पायरी विसरली तर तीन मिनिटांची चूक हॅलींच्या माथी फुकट बसते, आणि त्यांची एकूण चूकच चार मिनिटांच्या आसपासची आहे.

दुसरी, रेखांश. एका अंशाला चार मिनिटं. पॅरिसचा रेखांश ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे वेळेत ९ मिनिटं २१ सेकंद. फ्रेंच गणितज्ञ निकोल-रेन लपोत यांनी १ एप्रिल १७६४ च्या कंकणाकृती ग्रहणाचा युरोपचा सुरेख नकाशा केला. त्यात छाया दर पाव तासाने कुठे असेल ते दाखवलंय. ती वेळ पॅरिसची आहे हे लक्षात न घेता ग्रिनिचची समजलात तर प्रत्येक स्थिती नऊ मिनिटं उशिरा दिसेल.

भारतातले कागद असतील तर १९०६ च्या आधी भारतीय प्रमाणवेळ नव्हती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे. त्यामुळे मुंबई वेळेत ३९ आणि मद्रास वेळेत ९ मिनिटं मिळवली की आजची घड्याळी वेळ येते. रेल्वे मद्रास वेळेवर चालत होती, शहर मुंबई वेळेवर, आणि छावणीतले निरीक्षक स्वतःच्या जागेच्या स्थानिक वेळेवर. एकाच अहवालात तिन्ही येतात. मराठी शकावल्या आणि बखरींत वेळ घटिकांत असेल तर ती त्या गावच्या सूर्योदयापासून मोजलेली असते. एक घटिका २४ मिनिटांची.

मैल कोणता?

"७५ मैल" वाचून १.६ ने गुणायचा मोह होतो. तसं केलं तर १२० किमी येतात. पण नकाशानेच दिलेली गावं वापरून खात्री करून घ्या. आजच्या नकाशावर लिझर्ड ते बॉस्टन रेषा काढा आणि तिला काटकोनात चेस्टर ते ग्रेव्हजेंड आणि यॉर्क ते हॅरिच अशी रुंदी मोजा. पहिली सुमारे २९५ आणि दुसरी सुमारे २७० किमी भरते. निम्मी १३५ ते १४७. आता ७५ ला १.८५२ ने गुणा: १३९. म्हणजे हा एक कलेचा भौगोलिक मैल आहे, रस्त्यावरचा इंग्रजी मैल नव्हे. नुसत्या मैलाच्या गैरसमजाने पट्टा एकेका बाजूला १८ किमीने बारीक झाला असता.

त्याच मजकुरात छायेचा वेग मिनिटाला जवळजवळ ३० भौगोलिक मैल आणि बेट पार करायला ११ मिनिटं असं आहे. लिझर्ड ते बॉस्टन सुमारे ४९० किमी, म्हणजे २६५ भौगोलिक मैल. भागाकार २४ येतो, ३० नाही. मजकुरातले गोल आकडे लोकांसाठी असतात. मोजमापासाठी गावांची नावं आणि रेषा वापरा.

शून्य रेखांशाची चौकशी तेव्हाच करायची. लंडन, पॅरिस, फेरो बेट (पॅरिसच्या २० अंश पश्चिमेला धरलेलं) असे पर्याय येतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटवर ग्रिनिच लिहिलेलं असतं, तरी मद्रासचा जुना, चुकीचा रेखांश आधार धरल्यामुळे सगळे रेखांश सुमारे अडीच कलांनी जास्त आहेत. आपल्या अक्षांशावर हे चार-सव्वाचार किमी होतात. खग्रासाच्या हद्दीवरचं गाव तपासत असाल तर एवढ्याने निकाल फिरतो.

नकाशा संगणकावर बसवणं

स्कॅन किमान ३०० डीपीआयचं आणि जमल्यास टिफ घ्या. मोबाईलने काढलेला फोटो कडांना वाकतो, त्यावर वेळ घालवू नका. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर, म्हणजे चित्राला खऱ्या नकाशावर बसवणारं साधन, उघडा. नव्या आवृत्तीत तो लेयर मेनूत आहे, जुन्यात रास्टर मेनूत. इंग्लंडसाठी ईपीएसजी २७७०० ही मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक-प्रणाली निवडा, पश्चिम महाराष्ट्रासाठी ३२६४३. अंशांत काम केलं तर चुका किलोमीटरमध्ये वाचता येत नाहीत.

नियंत्रण बिंदू, म्हणजे जुन्या आणि आजच्या दोन्ही नकाशांवर ओळखता येणाऱ्या जागा, १५ ते २० घ्या. किनाऱ्याचे कोपरे घेऊ नका. जुना किनारा ढोबळ काढलेला असतो आणि मधल्या काळात समुद्राने तो हलवलेलाही असतो. मोठ्या गावांची वर्तुळं घ्या, आणि टिचकी वर्तुळाच्या मध्यावर मारा, नावावर नाही. बिंदू चारी बाजूंना पसरलेले हवेत. सगळे बिंदू लंडनभोवती घेतले तर कॉर्नवॉल कुठेही भरकटतं. चार-पाच गावं मुद्दाम बाजूला ठेवा, ती बसवण्यासाठी वापरू नका. नंतर ती किती जागेवर येतात ते पाहायचं आहे.

चित्र बसवण्याची पद्धत (रूपांतर) म्हणून पहिल्या प्रतीची पॉलिनॉमियल निवडा. ती नकाशा फिरवते, ताणते, तिरका करते, पण वाकवत नाही. अनेकजण थिन प्लेट स्प्लाइन निवडतात कारण तिथे प्रत्येक बिंदूची चूक शून्य दिसते. ती शून्य दिसते कारण सॉफ्टवेअर कागद रबरासारखा ओढून प्रत्येक गाव जागेवर आणतं, आणि त्याबरोबर ग्रहणाची रेषाही भलतीकडे खेचली जाते. आपल्याला तपासायची आहे ती रेषाच.

बाजूला ठेवलेल्या गावांची सरासरी चूक किती आली ते लिहून ठेवा. ती ८ किमी असेल तर ५ किमीच्या फरकावर काहीही म्हणता येणार नाही. ही चूक मोठी येण्याचं एक कारण कागद. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद ओला असतो. वाळताना तो एखाद-दोन टक्के आकसतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. ३० सेंटिमीटरच्या नकाशात दोन टक्के म्हणजे ६ मिलिमीटर, आणि वीस लाखांत एक या प्रमाणावर ते १२ किमी झाले. पॉलिनॉमियल यातला बराच भाग भरून काढते. घडीच्या ओळीवरचा कागद मात्र वेगळाच ताणलेला असतो, तिथले बिंदू टाळा.

आजचा पट्टा आणून मोजणं

तुलनेसाठी फ्रेड एस्पेनॅक आणि जाँ मेउस यांचा नासाचा पाच हजार वर्षांचा ग्रहण-कोश आहे. त्यात उणे १९९९ ते ३००० पर्यंतची ११,८९८ सूर्यग्रहणं आहेत. झेवियर जुबिए यांच्या संकेतस्थळावरून बहुतेक ग्रहणांचा पट्टा केएमएल फाइल (नकाशावरच्या रेषा साठवणारी फाइल) म्हणून उतरवता येतो, तो क्यूजीआयएसमध्ये सरळ उघडतो. दोन आधुनिक पट्टेही हद्दीवर दोन-तीन किमीने वेगळे दिसले तर घाबरू नका: चंद्राची कड गुळगुळीत धरायची की तिच्यावरचे डोंगर-दऱ्या मोजायच्या, यावर ते अवलंबून असतं.

पृथ्वीच्या फिरण्यातल्या अनियमिततेसाठी गणितात डेल्टा-टी नावाची दुरुस्ती असते. १७१५ साठी ती दहा सेकंदांच्या आसपास आहे. इंग्लंडच्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे २८५ मीटर, तेव्हा तिची सगळी चूक धरली तरी दोन-तीन किमी. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हीच दुरुस्ती सात तासांची होते. म्हणून अठराव्या शतकातला नकाशा तपासणं सोपं आणि प्राचीन ग्रहण तपासणं ही वेगळीच विद्या.

फरक मोजताना सरळ उत्तर-दक्षिण मोजू नका. पट्टा इंग्लंडवरून नैर्ऋत्येकडून ईशान्येला जातो, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर खऱ्या लंबांतरापेक्षा जवळजवळ दीडपट येतं. आणि वेळेची चूक व जागेची चूक या दोन स्वतंत्र चुका म्हणून मांडू नका. चंद्र चार मिनिटं उशिरा पोचला तर तेवढ्या वेळात पृथ्वी एक अंश पूर्वेला फिरलेली असते, म्हणून पट्टाच एक अंश पश्चिमेला पडतो. लंडनच्या अक्षांशावर तो एक अंश ६९ किमीचा आहे.

किती वेळ अंधार होता?

आता हॅलींच्या विनंतीचं कारण. खग्रासाचा काळ मध्यरेषेवर सर्वांत जास्त, हद्दीवर शून्य. मधला प्रवास वर्तुळाच्या जीवेसारखा असतो, म्हणून एका गावचा काळ मोजला तर ते गाव मध्यरेषेपासून किती दूर होतं हे काढता येतं. सूत्र असं: गावचा काळ भागिले मध्यरेषेवरचा काळ; त्याचा वर्ग करा; तो एकातून वजा करा; वर्गमूळ घ्या. जे येईल तो निम्म्या रुंदीचा अपूर्णांक.

लंडनला हॅलींनी ३ मिनिटं २२ सेकंद मोजली, म्हणजे २०२ सेकंद. या ग्रहणाचा कमाल काळ आजच्या गणिताने ४ मिनिटं १४ सेकंद, २५४ सेकंद. भागाकार ०.७९५, वर्ग ०.६३२, वजाबाकी ०.३६८, मूळ ०.६१. पट्टा सुमारे २९० किमी रुंद होता, निम्मा १४५. तर लंडन मध्यरेषेपासून ८८ किमी आणि दक्षिण हद्दीपासून ५७ किमी आत होतं. छापील हद्दीच्या गावांवरून, म्हणजे चिचेस्टर ते ग्रेव्हजेंड रेषेपासून, लंडन मोजलं तर ते २८ किमी आत येतं. फरक २९ किमी. हॅलींचा नकाशा सुमारे २० मैल चुकला असं जे नेहमी वाचायला मिळतं, ते एका घड्याळाच्या नोंदीवरून आणि तीन गावांच्या नावांवरून असं घरबसल्या काढता येतं. सॉफ्टवेअरही लागत नाही.

ही रीत हद्दीजवळ फार चांगली चालते, मध्यरेषेजवळ अजिबात नाही. मध्यापासून निम्म्या रुंदीच्या दहाव्या भागावर गेलात तरी काळ अर्ध्या टक्क्यानेच घटतो, म्हणजे जेमतेम सव्वा सेकंद. जुन्या नोंदींतला सेकंद तितका विश्वासाचा नसतो. मध्यरेषा शोधायची तर दोन्ही हद्दींजवळची गावं घ्या.

ओपोल्झरच्या कोशातल्या रेषा

इतिहासाच्या पुस्तकांत अजून दिसणारे बरेच ग्रहण-नकाशे ऑस्ट्रियाचे खगोलशास्त्रज्ञ थिओडोर फॉन ओपोल्झर यांच्या १८८७ च्या व्हिएन्नाच्या ग्रहण-कोशावरून घेतलेले असतात. आठ हजार सूर्यग्रहणं, तीही हातांनी केलेल्या गणिताने. त्याला दाद द्यावी तेवढी थोडी, पण त्याच्या नकाशावरून गाव पट्ट्यात होतं की नाही हे ठरवू नका. प्रत्येक मध्यरेषेचे तीनच बिंदू काढले होते, सूर्योदयाचा, मध्यान्हीचा आणि सूर्यास्ताचा, आणि त्यांतून वर्तुळाचा कंस ओढला होता. खरी रेषा कंसासारखी वाकत नाही, त्यामुळे मधल्या भागात ती कधी कधी शेकडो किलोमीटर दूर असते. कोशातले आकडे वापरायचे असतील तर वापरा, चित्र नको.

महाराष्ट्रावरून गेलेला पट्टा

सरावाला २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण घ्या. निरीक्षकांच्या छावण्या मध्यरेषेच्या आसपास पडल्या होत्या: विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर, जेऊरला नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, विदर्भात पुलगाव, पुढे शहडोल आणि बक्सर. भारताच्या भिंतीवरच्या नकाशावर विजयदुर्ग ते बक्सर दोरा ताणा. जेऊर, पुलगाव आणि शहडोल तिन्ही दोऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत येतात. पट्टा जेमतेम शंभर किमी रुंद असल्याने छावणी भलतीकडे टाकायला वावच नव्हता.

इथे गावाच्या नावाने घात होतो. हे जेऊर करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं. नगरजवळचं जेऊर तिथून शंभरेक किमी उत्तरेला आहे आणि पट्ट्याच्या सरळ बाहेर पडतं. नाव टाकून शोध घेतला आणि नकाशाने पहिलं जेऊर दाखवलं, की १८९८ चे सगळे मोजमापकार खंडग्रासात उभे राहिलेले दिसतात. रेखांश तपासा: स्टेशनचं जेऊर ७५ अंश १० कलांच्या आसपास आहे.

विजयदुर्ग १८६८ च्या पट्ट्यातही येतं, कारण तो पट्टा कोकणातून जमखंडी, विजापूर, गुंटूर असा गेला आणि १८९८ च्या पट्ट्याहून दुपटीने रुंद होता. यावरून हेलियमचा शोध लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून लावला, असं सर्रास सांगतात. नकाशा एवढंच सांगतो की गडावरून त्या दिवशी खग्रास दिसलं असतं. कोण उभं होतं ते सांगायला नोंदी लागतात. नोंदींप्रमाणे १८ ऑगस्ट १८६८ ला गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होते, आणि लॉकयर इंग्लंडात होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच पाहिली. गडावर ते आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणाला. पट्टा दोन्ही वेळा तिथून गेला म्हणूनच दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली. तुमच्या गावच्या अशा एखाद्या आठवणीवर काम करत असाल तर त्या गावावरून आलेली सगळी ग्रहणं आधी यादीतून काढा, आणि मग कुठल्या ग्रहणाची नोंद हाती आहे ते पाहा.